बाप्पाले पाठ दाखवायची नाही

१५ जुलै १९७९, रविवार
सक्करदरा, नागपूर

आज बाबाराव मले तोंडावर म्हणाला, "मास्तर, राग मानू नका, पण तुमी तिथं उभे राहून नेमकं करता काय?"

आता याले काय सांगावं? ऑर्केस्ट्रा काढला कोणी? मी. नाव दिलं कोणी? मी. आनंदलहरी ऑर्केस्ट्रा. माझं नाव आनंदराव आहे हा योगायोग आहे, असं मी विचारणाऱ्याले सांगतो. बाबाराव हिंगण्याच्या एका कंपनीत फिटर आहे आणि अकॉर्डियन वाजवतो. चंद्रभान कामठीले पॉवरलूमवर आहे, तो ढोलक वाजवतो. वच्छलाबाई रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. गळा गोड, गाण्याचा सगळा भार तिच्यावर. आणि मी कंडक्टर.

दोन वर्षांआधी मुंबईचा एक मोठा ऑर्केस्ट्रा आला होता, तेव्हा कंडक्टर काय असते ते मी डोळ्याने पाहिलं. पांढरा सूट, लोकायकडे पाठ, हातात काडी. काडी वर गेली की सगळे वाजवणारे चूप, खाली आली की सुरू. मी घरी येऊन प्रेमिलाले म्हटलं, हे काम तर मी इतकी वर्षं शाळेत करून राहिलो. पी.टी. मास्तर आहे मी. शाळाभर पोट्टे माझ्या एका हातावर डावे-उजवे होतात. प्रेमिला म्हणाली, "होतात ना." बायको म्हणून ती चांगली आहे, फक्त जास्त बोलत नाही.

बाबारावचं म्हणणं, तिघायच्या वाजवण्यात चौथा हात हलवणारा कायले पाहिजे. शेवटी ठरलं की दोन सप्टेंबरले एका गणेश मंडळात कार्यक्रम आहे, तो होऊ द्यावा, आणि मग कंडक्टर ठेवायचा की नाही ते सगळ्यायनी मिळून पाहावं. वच्छलाबाईने हात वर केला. चंद्रभानने दोन्ही केले.

मी हसून ठीक आहे म्हटलं. पण खरं सांगतो, मले वाजवता येत नाही, गाता येत नाही. ही जागा गेली तर माझ्याच नावाच्या ऑर्केस्ट्रात मी सतरंज्या उचलत राहीन.

१९ जुलै, गुरुवार

आमच्या वऱ्हांड्यात तालीम झाली. काडी म्हणून मी प्रेमिलाची स्वेटर विणायची सुई वापरतो. शिस्त म्हणून बिलकुल नाही. बाबारावची मान वाकडी. चंद्रभान तर डोळे मिटून वाजवते. मी विचारलं, "काहून गा, झोपला का?"

"नाई मास्तर, लूमवरची सवय हाये. डोळे उघडले की हात चुकते."

वच्छलाबाई तेवढी समोर बघते, पण माझ्या खांद्यावरून पलीकडे. मी दोनदा वळून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. दारात प्रेमिला सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. मी तिले म्हटलं, आत जाऊन पाखड, तालमीत खडखड होते. ती बिचारी उठून गेली.

त्यानंतर गाडं असं घसरलं की काही विचारू नका. बाबाराव पुढे, चंद्रभान मागे, आणि वच्छलाबाई मधातच गाणं सोडून पाणी मागायले लागली. मग बाबारावने आवाज दिला, "वहिनी, बाहेरच बसा ना. इथं हवा आहे." वहिनीच्या हवेची काळजी आहे यायले, कंडक्टरच्या काडीची नाही. ती येऊन बसली. त्यानंतर मात्र मी हात जरा जोरात फिरवला आणि सगळं रुळावर आणलं.

२६ जुलै, गुरुवार

प्रेमिला भावाकडे कामठीले गेली होती. तालमीची पार वाट लागली. एकही गाणं शेवटपर्यंत गेलं नाही. चंद्रभानने चक्क डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "वहिनी कधी येणार हायेत?"

कारण माझ्या लगेच ध्यानात आलं. चहा नव्हता. कलावंतायचं असंच असते, चहाविना हात चालत नाही. यापुढे तालमीच्या दिवशी प्रेमिलाने घर सोडायचं नाही, असा मी नियम केला. सगळ्यायले तो इतका पटला की बाबारावने माझ्याशी हात मिळवला. माझ्या कुठल्या गोष्टीले तो पहिल्यांदाच हो म्हणाला.

३ ऑगस्ट, शुक्रवार

आज दादऱ्यावरून भांडण. वच्छलाबाईने गणपतीचं एक गाणं बसवायले घेतलं, त्याचा ताल दादरा. म्हणजे एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. मी म्हटलं हे चालणार नाही. माणसाले पाय दोन आहेत. डावा, उजवा. चारपर्यंत मोजलं की दोन्ही पायायची बरोबरी होते. तीन मोजल्यावर एक पाय उरते, त्याचं काय करायचं?

बाबाराव म्हणाला, "मास्तर, गाण्याले पाय नसते."

मी म्हटलं, "म्हणूनच ते पडते."

मी तेच गाणं चारात करून दाखवलं. वच्छलाबाईले म्हणता येईना. चारच्या वेळेले तिने काय करायचं, असं तिने विचारलं. मी सांगितलं, श्वास घे. नर्स आहे, श्वासाचं महत्त्व तिले सांगायले नको. पण ती रुसून बसली.

मग प्रेमिला चहा घेऊन आली आणि वच्छलाबाईजवळ बसून हळूच म्हणाली, "म्हण वं तू. आमच्या बाबायच्या खंजरी भजनात असंच राहे." माझ्या सासऱ्यायचं गावात खंजरी भजनी मंडळ होतं. लहानपणी ही तिथेच लोळायची. मी तिले समजावून सांगितलं की भजन वेगळं आणि ऑर्केस्ट्रा वेगळा. ती मान हलवून हाव म्हणाली आणि सूप घेऊन दारात जाऊन बसली. यायनी गाणं शेवटपर्यंत म्हटलं. मी चार मोजत होतो, तरी म्हटलं. कसं काय बसलं कोणास ठाऊक. माझ्या मोजण्यात ताकद असली पाहिजे.

१२ ऑगस्ट, रविवार

मंडळाचे अध्यक्ष वामनराव तालमीच्या वेळेले स्वतः घरी येऊन गेले. लोखंडी सामानाचं दुकान आहे त्यायचं, आणि बोलणंही तसंच, वजनावर. म्हणाले, "पयलं गाणं बाप्पाचंच पाहिजे. मागच्या साली एका पार्टीनं पयलंच गाणं पिच्चरचं म्हटलं, तिले मी तिथंच उतरवलं." वच्छलाबाईने ताबडतोब तो दादरा सांगून टाकला. मी चूप राहिलो. पाहुण्यासमोर तिसऱ्या पायाचा विषय कायले काढा.

१५ ऑगस्ट, बुधवार

शाळेत सामूहिक कवायत उत्तम झाली. पाहुणे म्हणाले, असा ताल पाहिला नाही. शाळाभर पोट्टे ऐकतात, तीन मोठी माणसं ऐकत नाहीत. संध्याकाळी मन लागलं नाही.

२३ ऑगस्ट, गुरुवार

काल पोळा झाला, आज मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक. मी सकाळी गच्चीवर एकटाच हाताची प्रॅक्टिस करत होतो. खालून मिरवणुकीले जाणारे पोट्टे चालले होते, त्यात आमच्या शाळेचे दोन-तीन. एकाने वर पाहून बोंब मारली, "मास्तरचे हातवारे घेऊन जा गे मारबत." मारबतीसोबत गावातली रोगराई, डास, खोकला घालवतात, तसे माझे हात. प्रेमिला अंगणात होती. ती हसली नाही, पण तोंडाले पदर मात्र लावला.

२७ ऑगस्ट, सोमवार

आज मोठं संकट आलं.

काल गणपती बसले, म्हणून आम्ही मंडळाचा मांडव पाहायले गेलो. एका टोकाले बाप्पा, अगदी समोरच्या टोकाले स्टेज, म्हणजे बाप्पाले बसल्या जागी कार्यक्रम दिसावा. मधातून मोकळी वाट. वाटेच्या एका बाजूले माणसं, एका बाजूले बाया, सगळे वाटेकडे तोंड करून आडवे बसणार. कोणाचीच पाठ बाप्पाकडे नाही. मी म्हटलं वा, व्यवस्था चोख आहे. मग मी स्टेजवर चढलो, माझ्या जागेवर उभा राहिलो, वाजवणाऱ्यायकडे तोंड केलं आणि हात वर केले.

वामनराव खालून म्हणाले, "हे काय?"

मी म्हटलं, "कंडक्टर असाच उभा राहते."

"बाप्पाले पाठ दाखवून?"

मी त्यायले मुंबईचं सांगितलं, पांढऱ्या सुटाचं सांगितलं. ते म्हणाले, "मुंबईत काय करायचं ते करा. आमच्या मंडळात बाप्पाले पाठ दाखवायची नाई. माझ्या बापानं दाखवली नाई, मी दाखवली नाई. प्रसाद घेऊनसनी जाणारा माणूसही इथून उलटा चालत जाते." तेवढ्यात एक म्हातारा खरंच उलटा चालत आला आणि मांडवाच्या खांबाले आपटला. वामनराव म्हणाले, "पाहा."

मी आडवं उभं राहतो म्हटलं. ते म्हणाले, खांदा दिसते. मी बसून करतो म्हटलं. ते म्हणाले, बसली तरी पाठच. आरशाचं सुचवलं, तर म्हणाले बाप्पाच्या डोळ्यात चमक जाईल.

मग बाबारावने तोड काढली. "मास्तर, तुमी तोंड बाप्पाकडे करा. पाठ आमच्याकडे. आमचं काही अडत नाई."

"माझा हात दिसेल तुमाले?"

"नाई दिसला तरी चालते," चंद्रभान म्हणाला.

माझे डोळे भरून आले. एवढी भांडणं झाली, तरी माझ्या पाठीवर यायचा इतका विश्वास. वामनरावनी एकच अट घातली, की मी अगदी काठावर आणि जरा बाजूले उभं राहावं. बाप्पाले गाणारी बाई दिसली पाहिजे.

१ सप्टेंबर, शनिवार

उद्या कार्यक्रम. शेजाऱ्याचा लग्नातला पांढरा कोट आणला आहे, मागून जरा लांब आहे. लोकायले आणि बाप्पाले माझं तोंड दिसणार, आणि ज्यायले तोंड दाखवायचं त्यायले पाठ. म्हणून मी आज दिवसभर पाठीने इशारे करायची प्रॅक्टिस केली. प्रेमिला म्हणाली, "काय होते, उसण भरली का?"

मी तिच्यावर ओरडलो. मग सांगून टाकलं की भीती वाटून राहिली. उद्या फसलो तर पुढच्या रविवारच्या बैठकीत मले काढून टाकतील. इतकी वर्षं लोक मले फक्त शिट्टी वाजवणारा म्हणून ओळखत आले. हे एकच काम असं आहे की ज्यात मी कोणी तरी आहे.

तिने कोट झटकून खुंटीले लावला. मग म्हणाली, "मी बायकायच्या पहिल्या रांगेत बसते. घाबरले की माझ्याकडे पाहा." मी म्हटलं, मी कायले घाबरू.

३ सप्टेंबर, सोमवार

काल झालं ते आज लिहून राहिलो.

मांडव खच्चून भरला होता. स्टेजवर दिव्यायचा असा उजेड की मागे बसलेल्या तिघायले समोर नुसता अंधार. मी काठावर होतो म्हणून मले बायकायची पहिली रांग तेवढी दिसे. भोंगे असे कर्कश की ढोलकवाल्याले स्वतःचा ढोलक ऐकू येईना. पहिलं गाणं तोच दादरा. मी बाप्पाले नमस्कार केला, सुई उचलली आणि सुरू केलं. एक, दोन, तीन, चार.

दुसऱ्या ओळीत सगळं फाटलं. अकॉर्डियन लंगडायले लागलं. ढोलक कुठल्या कुठे निघून गेला. वच्छलाबाई एका शब्दावर अडली आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायले लागली. माणसायच्या बाजूने हसण्याचा आवाज आला. वामनराव जागेवरून उठले. मले वाटलं, आता हे मलेही उतरवतात. घामाने सुई हातातून सुटायले आली. मागे वळून पाहायची सोय नाही. मग मी प्रेमिलाकडे पाहिलं.

ती मांडीवर हात मारून राहिली होती. एक जोरात, दोन हळू. एक जोरात, दोन हळू. तोंडावर काहीच नाही, जसं सुपात तांदूळ आहेत आणि खडे वेगळे करायचे आहेत. मी विचार केला नाही, नुसता तिच्या हातामागे गेलो. तिचा हात पडला की माझा हात पडे. मग कंबर जायले लागली, मग पाय. एकदा जोर डाव्यावर आला, पुढच्या वेळेले आपसूक उजव्यावर. तीन मोजलं तरी पाय उरत नव्हता. असा मी त्या काठावर झुलून राहिलो आणि मागे सगळं एकदम गोळा झालं. ढोलक आला. अकॉर्डियन त्याच्यावर बसलं. वच्छलाबाईचा आवाज असा निघाला की हसणारी बाजू चूप झाली. वामनराव खाली बसले. पुढची सगळी गाणी मी प्रेमिलावरची नजर न काढता केली.

शेवटी वामनरावनी मले नारळ दिला. चंद्रभान म्हणाला, "मास्तर, जिंदगीत पयल्यांदा डोळे उघडून वाजवलं. तुमच्या कोटाचं टोक पाहून. काय बरोबर हालत होतं."

सगळे खूश. मी नाही. माझी सुई कोणाच्या हाताने चालली ते आता मले ठाऊक आहे. बाप्पालेही ठाऊक आहे, त्याच्या समोरच झालं. आणि वच्छलाबाई तालमीत माझ्या खांद्यावरून कुठे पाहत असते, तेही काल समजलं. फार वाईट वाटलं. घरी येताना मी रिक्षातून बाहेरच पाहत राहिलो. ती नारळ मांडीवर घेऊन बसली होती.

९ सप्टेंबर, रविवार

आज बैठक झाली. मी ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. काम झालं, जागा राहिली, उगाच कायले कोणाले सांगा.

बाबाराव उठून म्हणाला, "मास्तर कंडक्टर राहतील, आमचं काही म्हणणं नाही. फक्त एक करा. मास्तर आतापासून लोकायकडेच तोंड करून उभे राहतील, आणि वहिनी दर वेळी समोर बसतील."

मी म्हटलं, "म्हणजे तुमाले ठाऊक होतं?"

मग वच्छलाबाई म्हणाली, "सगळ्यायले ठाऊक होतं मास्तर. तुमाले नव्हतं, म्हणून आमी बोललो नाई."

"मग मले काढायले कायले निघाले होते?"

बाबाराव मान खाली घालून म्हणाला, "तुमी मधात उभे राहता. वहिनी दिसत नाही."

तालमीत चंद्रभान सुपाच्या आवाजावर वाजवे, आणि हे दोघं माझ्या आजूबाजूने मान काढून तिच्या हाताकडे पाहत. ज्याले मी बेशिस्त म्हणत होतो, ती शिस्त होती, फक्त माझी नव्हती. वच्छलाबाईने तर सांगून टाकलं की वहिनीलेच स्टेजवर उभं करा.

प्रेमिला चहा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "मी? चार लोकायसमोर हात हालवू? काही तरीच. आणि मी उभी राहिली तर हे काय करतील?"

मले असं लागलं ते. ती माझ्यासाठी म्हणाली, आणि म्हणूनच लागलं. इतके दिवस ही बाई माझ्या मागे बसून माझी लाज राखत होती, आणि मी तिले खडखड करू नको म्हणून आत पाठवत होतो. मी सुई टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "खुर्ची टाका स्टेजवर. ती बसेल, मी बाजूले उभा राहीन. तिच्या हातावर माझा हात." प्रेमिला नाही म्हणत होती, पण तिचं कोणी ऐकलं नाही. चहा थंड झाला, तरी तालीम मस्त झाली.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

नवरात्राचा कार्यक्रम. इथे देवी स्टेजवरच, वाजवणाऱ्यायच्या मागे, म्हणून पाठीची भानगड नाही. मी शाळेतून खुर्ची आणली, हात असलेली, मुख्याध्यापकाच्या खोलीतली. प्रेमिला तिच्यात अंग चोरून बसली. मग मी माईक घेतला आणि बाबाराव, चंद्रभान, वच्छलाबाई अशी नावं सांगितली. शेवटी म्हटलं, "आणि या सगळ्यायले चालवणाऱ्या, आमच्या कंडक्टर, सौभाग्यवती प्रेमिला."

तिले मी हे आधी सांगितलं नव्हतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की घरी गेल्यावर काही खरं नाही. मी सुई उचलली. कोणीच सुरू करेना. बाबारावची बोटं अकॉर्डियनवर, चंद्रभानचे डोळे उघडे, सगळे तिच्याकडे पाहून राहिले, आणि तिचे हात पदरात. मी वाकून म्हटलं, "कर ना वं सुरू. माझ्याने होत नाही."

तिने पदर कमरेले खोचला. हात बाहेर काढला. पहिली थाप खुर्चीच्या हातावर पडली आणि सगळे एकदम सुरू झाले. मी सुई हलवली, पण खरं म्हणजे ऐकतच राहिलो. आपला ऑर्केस्ट्रा एवढा चांगला वाजवते, हे मले हात हलवण्याच्या नादात आजवर कधी ऐकूच आलं नव्हतं. टाळ्या झाल्या, त्यात बायकायच्या जास्त.

येताना रिक्षात ती लुगड्याचा काठ चाचपत होती. मग म्हणाली, "नाव सांगायचं होतं तर आधी सांगायचं. मी जुनंच लुगडं नेसून आली."

मी म्हटलं, "पुढच्या खेपेले नवीन नेस."

"पुढच्या खेपेले मी उभी राहीन," ती म्हणाली. "खुर्चीत बसून माझा हात चंद्रभानले नीट दिसत नाही."

"आणि मी?"

तिने थोडा विचार केला. म्हणाली, "तुमी बसा खुर्चीत."

मी हाव म्हटलं. खुर्ची चांगली आहे, टेकून बसता येते.